भट्टी, काढा आणि हौसाबाईचा चहा

दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला विषय दिला होता, 'काचउद्योगातील माझी वाटचाल'. मी म्हटलं, वाटचाल कसली कपाळाची! मी चाललो तो कोळशाच्या ढिगापासून भट्टीच्या तोंडापर्यंत आणि तिथून परत ढिगापर्यंत. नोकरीला कसा लागलो, बढती कशी हुकली, निवृत्तीच्या दिवशी साहेब काय बोलले, हे सगळं मी घरात इतक्या वेळा सांगितलंय की बायको आता ते सुरू झालं की दळण आणायला जाते. तेव्हा ते वगळतो. चहाचं सांगतो. चहामुळे नाही, तर चहा बंद झाल्यामुळे आमचा कारखाना एका रात्री बसायच्या बेतात होता, ते सांगतो.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. मी सातारा जिल्ह्यातून आलेला, अंगानं दांडगा आणि अकलेनं बेताचा. चिंचवड स्टेशनच्या अलीकडे, रुळाला लागून, बाटल्यांचा एक लहानसा कारखाना होता. औषधाच्या बाटल्या, शाईच्या दौती, तेलाच्या कुप्या. आजूबाजूला बाजरीची रानं. निगडी म्हणजे नुसता माळ. पिंपरीकडे निर्वासितांची वसाहत नवीन होती आणि तिथले दिवे रात्री लांबून दिसायचे, तेवढीच काय ती रोषणाई.

काचेचं काम बाहेरच्या माणसाला माहीत नसतं म्हणून थोडक्यात सांगतो. भट्टीत मातीच्या मोठमोठ्या कुंड्या असतात. त्यांत वाळू, सोडा आणि फुटक्या काचा घालून वितळवतात. वितळलेली काच पाकासारखी होते. फुंकणारा कारागीर लोखंडी नळीच्या टोकाला तिचा गोळा घेतो, साच्यात धरतो आणि नळीतून फुंकतो. झाली बाटली. सगळी गंमत आगीत आहे. भट्टी एकदा पेटली की महिनोन्महिने विझवायची नाही. आग पडली तर कुंडीतली काच घट्ट होते, कुंडी तडकते, आणि नवी कुंडी वाळून तयार होईपर्यंत कामगार घरी बसतो. म्हणून रात्रपाळी. देव झोपला तरी चालेल, भट्टीवाला झोपून चालत नाही. तो भट्टीवाला म्हणजे मी आणि माझा जोडीदार गणपत. एकानं कोळसा मारायचा, दुसऱ्यानं लांब सळईनं खालची जाळी टोकरून राख पाडायची. ही दोन्ही कामं एका माणसाला जमत नाहीत. हे लक्षात ठेवा.

थंडीत भट्टीसमोर उभं राहिलं की छाती भाजते आणि पाठ कुडकुडते. नदीकडून वारा आला की वाटायचं, आपल्याला कुणीतरी अर्धं शिजवून सोडून दिलंय. फुंकणाऱ्यांचे तर ओठ फुटायचे, तोंडाला कोरड पडायची. अशा वेळी पाणी पिऊन भागत नाही. पाणी प्यालं की माणूस परत कामाला लागतो. चहाला मात्र टेकावं लागतं, फुंकावं लागतं, शेजाऱ्याला काहीतरी बोलावं लागतं. रात्रपाळीत माणसाला तेवढंच हवं असतं.

हा चहा द्यायची हौसाबाई. कुंपणापलीकडे रुळाच्या कडेला तिची खोपटी. नवरा रेल्वेत गँगमन, रात्री कंदील घेऊन रूळ तपासायला जायचा. एकटीला झोप लागत नाही म्हणून बाईनं चूल मांडली. शेळीचं दूध, गूळ, चहाची पूड, मूठभर गवती चहा आणि वर तोंडभर शिव्या. कपबश्या तारेच्या कुंपणातून आत येत नसत. म्हणून आमच्याच कारखान्यातून बाद झालेल्या औषधाच्या बाटल्यांत ती चहा भरायची आणि तारेच्या फटीतून आत द्यायची. साहेबानं लांबून पाहिलं तर वाटावं, कामगार फार आजारी आहेत.

तिचं सगळ्यांत लाडकं गिऱ्हाईक म्हणजे इस्माईलचाचा. चाचा फिरोजाबादचे. तिथं म्हणे पाळण्यातली पोरंही काच फुंकतात. पांढरी दाढी, फुगलेले गाल, आणि आमच्या फुंकणाऱ्यांचे मुकादम. मराठी त्यांना सगळी समजायची, पण बोलताना ती हिंदीत जाऊन पडायची. हौसाबाई आणि चाचा एकमेकांशी भांडल्याशिवाय चहा पीत नसत.

"बकरी का दूध है या बकरी नहलायी है इसमें?" चाचा विचारायचे.

"पी न्हाईतर वत, माजं काय जातंय?" ती म्हणायची. "उद्यापासनं म्हशीचं पायजे आसंल तर म्हस घिऊन ये फिरोजाबादेची."

असं सुखात चाललं होतं आणि लिमयेसाहेब आले.

लिमयेसाहेब पुण्याचे. रात्रपाळीचे नवे सुपरवायझर. माणूस वाईट नव्हता. वेळेवर यायचे, शिवी द्यायचे नाहीत, कुणाचा पगार कापायचे नाहीत. फक्त त्यांना सुधारणा करायची खोड होती. आल्या आल्या त्यांनी आम्हाला साबणानं हात धुवायला लावले. ते आम्ही सोसलं. मग एका रात्री त्यांनी सगळी पाळी कुंपणापाशी बाटल्या तोंडाला लावून उभी पाहिली. त्यांना वाटलं दारू. चहा आहे असं कळल्यावर ते आणखीच खवळले. दारू चालली असती की काय कोण जाणे!

त्यांनी आम्हाला कोळशाच्या ढिगाशेजारी उभं करून भाषण केलं. "चहा हे मंद विष आहे. त्यानं मज्जातंतू दुबळे होतात, भूक मरते, पौरुष कमी होतं."

गणपत मागून हळूच म्हणाला, "साहेब, मला सहा पोरं आहेत. जरा कमी झालं तर बरंच होईल."

चहा बंद झाला. त्या रात्री चाचांनी काही वाद घातला नाही. नळी उचलली, फुंकली आणि बाटली काढली. मान वाकडी. दुसरी काढली, तीही वाकडी. सगळ्या फुंकणाऱ्यांच्या बाटल्या माना तिरक्या करून एका दिशेला बघत होत्या, जणू कुंपणाकडे.

"हे काय चाचा?" लिमयेसाहेब म्हणाले.

"क्या करें साहब," चाचा गंभीरपणे म्हणाले. "मज्जातंतू."

वाकड्या मानेला बूच बसत नाही. कारखान्याच्या शेठनी लिमयेसाहेबांना बोलावून घेतलं. आत काय झालं माहीत नाही, पण साहेब बाहेर आले ते तडजोड घेऊन आले. गरम पेय मिळेल, मात्र ते आरोग्यवर्धक असेल. साहेबांचे सासरे पुण्यात वैद्य होते. त्यांनी जावयासाठी काढा बनवून द्यायचं कबूल केलं. पाळी सुरू होताना काढा प्यायचा, म्हणजे रात्रभर चहाची आठवण होणार नाही.

खरं सांगतो, काढा वाईट नव्हता. सुंठ, मिरी, बक्कळ गूळ. मंडळी नाकं मुरडत दोन-दोन पेले ढोसायची. पण चहाची बैठक गेली होती. काढा म्हणजे रांगेत उभं राहून गिळायचं औषध. साहेब समोर उभे राहून स्वतः एक पेला पिऊन दाखवायचे आणि "वा!" म्हणायचे. चाचांनी पहिल्याच दिवशी एक घोट घेऊन थुंकून टाकला. त्यांची एक बाटली चहा कुंपणातून चोरून येतच राहिली आणि भट्टीच्या आडोशाला त्यातला अर्धा ते मला द्यायचे. म्हणून मी काढ्याचा पेला घ्यायचो आणि राखेत ओतायचो.

चहा परत मिळावा म्हणून बाकीच्यांनी एक युक्ती काढली. साहेबांकडे जाऊन सांगायचं, काढ्यानं पोट जड होतं. मंडळी पोट धरून कण्हली. साहेबांना कणव आली. त्यांनी ती तक्रार जशीच्या तशी सासऱ्यांना सांगितली, आणि वैद्यबुवांनी त्यावर विचार केला. पोट जड होतं ना? मग त्यांनी काढ्यात सोनामुखी घातली. सढळ हातानं.

त्या रात्री काढा नेहमीपेक्षा गोड होता म्हणे. वैद्यबुवांनी कडूपणा मारायला जादा गूळ घातला असावा. लोकांनी तीन-तीन पेले लावले. गेटवरच्या पहारेकऱ्यानं उरलेलं भांडं खरवडलं. साहेबांनी नेहमीप्रमाणे "वा!" म्हटलं.

पहाटेच्या आधी पहिला उठला गणपत. "आलोच," म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर असा भाव होता की मी रस्ता मोकळा करून दिला. मग एक फुंकणारा नळी तशीच टाकून पळाला. मग दुसरा. मग साच्यावरचे दोघं एकदमच. तेव्हा कारखान्यात संडास होते दोन, आणि त्यातल्या एकाचं दार मोडलेलं. बाकीचे रुळापलीकडच्या बाजरीत निघाले. टमरेलं संपली. मग लोकांनी बाटल्या उचलल्या. आमच्या कारखान्याच्या मालाचा असा उपयोग होईल हे शेठच्या स्वप्नातही आलं नसेल. अंधारात रूळ ओलांडून पाण्याच्या बाटल्या घेतलेली माणसं पळत होती, आणि त्यांच्यात पांढरी पॅण्ट घातलेले लिमयेसाहेब सगळ्यांत पुढे होते.

मी हसून हसून बेजार. चाचा तर खाली बसले. आणि मग त्यांनी भट्टीच्या भोकातून आत पाहिलं आणि त्यांचं हसू गेलं.

"मारुती," ते म्हणाले, "लाल पड रही है."

भट्टीचा रंग पांढराशुभ्र असावा लागतो. पिवळा झाला तर घाई करायची, लाल झाला तर देवाचं नाव घ्यायचं. मी फावडं उचललं. कोळसा मारला, पण आग घेईना. खालची जाळी तुंबली होती. जळून दगड झालेला कोळसा तिच्यात बसला होता. मी सळई घेऊन खाली वाकलो तर वर कोळसा संपायचा, वर आलो तर खालून हवा बंद. चाचांनी कोळशाचा गाडा ओढायला घेतला, पण त्या वयात त्यांचा दम फुंकण्यातच खर्च झालेला. मी गणपतच्या नावानं बोंब ठोकली. बाजरीतून क्षीण आवाज आला, "येतो रे... नाही येत."

मी खरंच घाबरलो. बाहेर दुसरी नोकरी नव्हती. कुंड्या तडकल्या असत्या तर शेठ पुन्हा कारखाना उभा करतील याची कुणाला खात्री नव्हती. ती रानात बसलेली सगळी माणसं, त्यांच्या खोल्या, गणपतची सहा पोरं, सगळं त्या लाल रंगावर टांगलेलं होतं.

तेवढ्यात कुंपणापाशी हाक आली. "चाचा! च्या झालाय. आन् ह्यी समदी बाजरीत कशापायी पळाल्यात? बिबट्या आला का काय?"

चाचा ओरडले, "बाई, आग जा रही है! कोई नहीं है!"

ती कुंपणापासून दिसेनाशी झाली. मला वाटलं गेली. तर ती गेटातून चालत आत आली. पहारेकरी जागेवर नव्हता, तो कुठे होता हे सांगायला नको. भट्टीच्या दारात उभी राहून तिनं एकदा सगळीकडे पाहिलं आणि पदर खोचला.

"बायकांना रात्री आत यायला बंदी आहे," माझ्या तोंडून निघालं. कायदाच होता तसा. भिंतीवर लावलेला होता.

"मग डोळं मीट," हौसाबाई म्हणाली आणि माझ्या हातातलं फावडं काढून घेतलं.

मी खाली सळई घेऊन झोपलोच म्हणा ना. जाळीतले दगड फोडत होतो, निखारे अंगावर पडत होते. वरून ती कोळसा मारत होती. पहिली दोन-चार फावडी तोंडाशीच सांडली. मग चाचांनी दाखवलं, कोळसा एका जागी ढीग नाही करायचा, पसरून मारायचा. "जैसे भाकरी पे आटा," चाचा म्हणाले.

"भाकरी तू करतूस का मी?" ती म्हणाली, पण त्यानंतर तिचं एक फावडं वाया गेलं नाही. प्रत्येक फावड्याला एक शिवी. आगीला, काढ्याला, साहेबाला, साहेबाच्या सासऱ्याला. वैद्यबुवांच्या सात पिढ्या त्या रात्री भट्टीत गेल्या.

भट्टी पिवळी होऊ लागली तेव्हा दारात लिमयेसाहेब आले. घामानं निथळलेले, चष्मा तिरका. समोर बाई फावडं मारतेय हे पाहून त्यांचा जीव अर्धा झाला.

"बाई, तुम्ही इथे? अहो, रात्रपाळीत स्त्रियांना... हा फॅक्टरी कायद्याचा..." आणि तिथंच त्यांनी पोट धरलं आणि परत फिरले. कायद्याचा पुढचा भाग बाजरीत गेला.

परत आले तेव्हा त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला होता. त्यांना भोकातून आतला रंग दिसला.

"ए सायबा," हौसाबाई म्हणाली, "हुबा काय ऱ्हायलास? त्यो गाडा लोट."

आणि साहेबांनी गाडा लोटला. बी.एस्सी. झालेला माणूस कोळशाच्या ढिगापासून भट्टीपर्यंत गाडा ढकलत होता, मधेच गाडा टाकून धावत होता, आणि परत येऊन तोच गाडा उचलत होता. त्या रात्रीपासून मी त्या माणसाला कधी नाव ठेवलं नाही. म्हणजे ठेवलं, पण प्रेमानं.

उजाडेपर्यंत भट्टी पांढरी झाली. कडेची एक कुंडी तडकली होती आणि तिच्यातली काच खाली गळून गोठली होती. बाकीच्या शाबूत होत्या. गणपत आणि मंडळी एकेक करून परतली, हिरवट तोंडानं, कुणाशी नजर न मिळवता. हौसाबाई कोळशानं इतकी काळी झाली होती की तिचा नवरा गस्तीवरून परत आला तेव्हा तिच्याच शेजारून पुढे गेला.

सकाळी शेठ आले. सुपरवायझरनं काय घडलं ते सांगायचं होतं. बाईचं नाव घेतलं तर कायदा मोडल्याचा ठपका, साहेबांच्याच डोक्यावर. न घेतलं तर काहीच प्रश्न नव्हता. साहेबांनी काढ्याचं सगळं खरं सांगितलं, सासऱ्यांसकट. शेवटी म्हणाले, "भट्टी मारुती आणि इस्माईल यांनी राखली."

मी तोंड उघडणार तोच चाचा पुढे झाले. "हम तो थे ही सेठ. मगर आग तो बाई ने बचायी."

लिमयेसाहेबांनी मान खाली घातली. मग वर केली आणि म्हणाले, "हो. खरं आहे. मी गाडा ढकलत होतो."

शेठ गुजराती, हिशेबी, पण रसिक माणूस. ते तसेच कुंपणाबाहेर हौसाबाईच्या चुलीपाशी गेले. आम्ही मागोमाग. तिनं त्यांना चहा दिला. शेळीचं दूध शेठना सोसलं नाही, हे चेहऱ्यावर दिसलं, पण प्यायले. मग म्हणाले, "बाई, तुमचे उपकार झाले. बाटल्या निवडायच्या खात्यात काम देतो. दिवसपाळी."

"दिवसा मला रान हाय, शेरडं हायती," ती म्हणाली. "रातीचं आसंल तर सांगा. फावडं जमतंय मला."

"रात्री बाईला कामावर ठेवायला कायद्याची परवानगी नाही," शेठ म्हणाले.

"आन् काल राती कुटं गेला हुता त्यो कायदा?" हौसाबाई म्हणाली. "टमरेल घिऊन बाजरीत?"

शेठ हसले. लिमयेसाहेबही हसले, पोट सांभाळून. पण नोकरी काही मिळाली नाही. हसण्यावारी गेली. मला ते तेव्हाही खटकलं आणि अजूनही खटकतं. गणपतपेक्षा ती भट्टीवर कितीतरी चांगली होती, आणि हे गणपतही कबूल करायचा.

झालं एवढंच की चहा परत आला, तोही उजळ माथ्यानं. रात्री भोंगा व्हायचा, कामगार टेकायचे, आणि गेटच्या खिडकीतून हौसाबाईची किटली आत यायची. किटली आत, बाई बाहेर. लिमयेसाहेब आमच्यात येऊन बसायला लागले. पहिल्यांदा पेला हातात घेतला तेव्हा त्यांनी विचारलं, "ह्यात काय काय घातलंय?" तसं विचारायचा हक्क त्या माणसानं भोगून मिळवला होता.

पुढे कारखान्याचा वाढदिवस झाला. मांडव, लाउडस्पीकर, पुण्याहून पाहुणे. भट्टी राखल्याबद्दल चाचांना आणि मला शाल-नारळ. पाहुण्यांनी भाषणात आम्हाला 'अग्नीचे उपासक' म्हटलं. चाचा नमाजी माणूस, ते माझ्याकडे बघून म्हणाले, "ये कौन सा धरम लगा दिया रे मुझको?" हौसाबाईचं नाव कुणी घेतलं नाही. घेता येत नव्हतं, कारण ती त्या रात्री तिथं नव्हतीच, कागदोपत्री. ती मांडवाच्या कडेला उभी होती, पाहुण्यांसाठी तिच्याकडूनच चहा घेतला होता.

माझी शाल बायकोनं त्याच संध्याकाळी भावाच्या लग्नासाठी बाजूला काढली. चाचा मात्र मांडवातून उतरले ते सरळ हौसाबाईकडे गेले आणि शाल तिच्यापुढं धरली.

"ले. ये तेरी है."

"मला काय करायची? आंगात हाय की धडुतं."

"इज्जत की है, बाई."

तिनं शालीचा काठ बोटांनी चाचपून पाहिला. चांगली ऊबदार, जाड लोकरीची होती. मग तिनं ती चौपदरी घडी घातली आणि किटलीभोवती नीट गुंडाळून वर गाठ मारली.

"आता बरं झालं," ती म्हणाली. "शेवटच्या मान्साला बी गरम मिळंल."